ओला टॉवेल तोंडाला नव्हे, दाराच्या फटीला

‘आग लागली तर ओला टॉवेल तोंडाला बांधून बाथरूममध्ये बसा, धूर बाधत नाही,’ असा मेसेज कोल्हापुरात पेठापेठांतल्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. ओलं फडकं थोडीफार काजळी अडवतं, धुरातला विषारी वायू कार्बन मोनॉक्साइड नाही. त्या वायूला ना रंग, ना वास. आणि बाथरूमला दुसरं दार कुठं असतं?

धूर वर चढतो, म्हणून रांगत बाहेर पडा. दाराला आधी हाताची मागची बाजू लावून बघा. तापलं असेल तर उघडू नका. रस्त्याकडच्या खिडकीच्या खोलीत जा, ओला टॉवेल दाराखालच्या फटीत कोंबा आणि 101 किंवा 112 लावा. जुन्या माडीच्या घरांना लाकडी जिना एकच असतो. त्यावरची पोती, डबे आजच हलवा, हात जोडून सांगतो. बाहेर जमायची जागाही ठरवा. समोरच्या तालमीचा कट्टा चालेल.