मकाव वाचला म्हणून पिंजऱ्यातला राघू वाचत नसतोय

आपल्या लातूर-परभणीकडच्या ग्रुपवर एक मेसेज लै फिरायलाय, की ब्राझीलचा निळा स्पिक्स मकाव पोपट ब्रीडर लोकांनीच वाचवला, म्हणून घरी पोपट पाळा, तेबी संवर्धनच हाय. अर्धं खरंय. 2000 साली जंगलातला शेवटचा मकाव दिसेनासा झाला, उरले ते खाजगी लोकांकडचे अन् काही संस्थांकडचे, त्यांच्याच वंशातले पक्षी 2022 मधी ब्राझीलच्या काटिंगा भागात पुन्हा सोडले, त्याचं श्रेय द्यायलाच पायजे. पण जंगलातले संपले त्यात पकडून विकणाऱ्यांचाबी मोठा हात होता, ते मेसेजवाला सोयीनं विसरला. अन् त्या मकावच्या जोड्या नात्यातल्या नात्यात लागू नयेत म्हणून वंशावळ बघून लावत्यात, आपल्याकडं कित्येक जण नुसता रंग बघून.

बाजारातला कंठीवाला हिरवा राघू तर बहुतेक ढोलीतून उचललेला, पंखबी न फुटलेला असतोय. देशी पोपट पाळणं-विकणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच हाय, 'घरीच पिल्लं झाली' म्हणून सुटका नाही. सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतला परदेशी पक्षी असंल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागती. असा परदेशी पक्षी घेताना पायातली बंद रिंग बघा, ती पिल्लू बारकं असतानाच बसती, मोठ्या पक्ष्याच्या पंजातून जातच नाही, म्हणून पक्षी जंगलातून पकडलेला नाही, पिंजऱ्यातच जन्मलेला हाय याची ती खूण.