यात ‘नाही’ कुठंय?

काल भर वर्गात सरांनी माझी प्रेक्षक-संशोधनाची फाईल उघडली, सत्तावीस प्रश्नावल्यांच्या गठ्ठ्यातून नेमकी एक ओढून काढली, ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि म्हणाले, “या गृहस्थांना आपल्या कोर्सला प्रवेश देता येईल का बघा रे.” वर्ग खदखदून हसला. मीही हसले, कारण न हसणारी मी एकटीच उरले असते तर आणखी वाईट दिसलं असतं. पण मला ते अजिबात आवडलेलं नाही.

प्रकरण असं. शॉर्टफिल्म पाच मिनिटांची. एक बाई बंद दाराबाहेर उभी आहे. दार उघडत नाही. संपलं. पटकथा तीन महिन्यांपूर्वीच तयार झालीय, दाराचा रंगसुद्धा ठरलाय. कोर्सचा नियम मात्र असा की आधी आपला प्रेक्षक कोण ते ठरवा, त्याला काय हवंय ते विचारा, आणि त्यावरून कथेची आखणी करा. सगळेच हे उलटं करतात. फिल्म आधी लिहून ठेवतात आणि ती लोकांना हवीच होती याचा पुरावा गोळा करायला मागाहून निघतात. निकाल लिहून झाल्यावर साक्षीदार शोधायला निघावं, तसं.

सत्तावीसपैकी एकवीस प्रश्नावल्या वर्गातल्याच. तिथं साधा व्यवहार चालतो, तू माझी भर, मी तुझी भरते. वाचत कुणी बसत नाही. पहिल्या रकान्यावर पेन टेकवायचं आणि खुणा करत सरळ खाली उतरायचं. पान भरलं की मुंग्यांची रांग निघाल्यासारखं दिसतं. एका मैत्रिणीनं तर तीन प्रश्नावल्या तीन वेगवेगळ्या अक्षरांत भरून दिल्या, त्यातली तिसरी डाव्या हातानं. पाच प्रश्नावल्या नातेवाइकांच्या. आईनं सगळ्या खुणा ‘अतिशय’वर करून ‘इतर सूचना’ या रकान्यात लिहिलं, ‘रात्री वेळेवर झोप.’

सरांचं म्हणणं, “ओळखीबाहेरचं एक तरी माणूस दाखव.”

म्हणून बसस्टॉप. बस येईपर्यंत माणूस जागचा हलत नाही, एवढा एकच संशोधनाचा सिद्धान्त मी स्वतः शोधलेला आहे. पहिल्या बाईंना वाटलं मी विमा विकतेय. माझ्या लक्ष्यगटात चपखल बसणाऱ्या एका मुलानं कानातलं काहीही न काढता नुसता हात हलवला. मग बाकाच्या टोकाला बसलेले काका दिसले. हे लक्ष्यगटात कुठूनही बसत नव्हते, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी तेवढंच पुष्कळ होतं.

“काका, दोन मिनिटांचं काम आहे.”

“दोन मिनिटांचं काम दोन मिनिटांत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही,” ते म्हणाले आणि हात पुढे केला. छत्तीस वर्षं त्यांनी कुठल्याशा कचेरीत आलेले अर्ज तपासले होते. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी चालत घरी गेले असते. त्यांनी मी दिलेलं निळं पेन परत केलं आणि खिशातून स्वतःचं लाल काढलं.

“वयोगट. अठरा ते पंचवीस, पंचवीस ते पस्तीस. आता पंचविशी पूर्ण केलेल्या माणसानं खूण कुठं करायची?”

“कुठंही चालेल काका.”

“कुठंही चालतंय तर विचारतेस कशाला?” पेन खाली सरकलं. “पस्तिसाच्या पुढं काय लिहिलंयस? इतर?” ते थोडा वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिले. “म्हणजे मी इतर.”

मी म्हटलं, तसं नाही काका, पण तसंच होतं. आमच्या नोट्समध्ये वय, शिक्षण, उत्पन्न, राहणीमान, आवडीनिवडी असे प्रेक्षकाचे इतके तुकडे पाडलेले असतात की शेवटी त्यात माणूस म्हणून ‘इतर’च तेवढा शिल्लक राहतो.

“शॉर्टफिल्म किती वेळा पाहता? नेहमी, अधूनमधून, क्वचित. अधूनमधून म्हणजे आठवड्यातून का वर्षातून? माझा मुलगा म्हणतो, तो मला अधूनमधून फोन करतो. माझ्या मते क्वचित. दोघं एकच गोष्ट सांगतोय बघ.”

बस आली. मी आशेनं विचारलं, “तुमची का?”

“माझीच. जाऊ दे. अर्ज अर्धवट ठेवून उठायचं नसतं.”

मग पाचवा प्रश्न आला. तो माझा अत्यंत लाडका. ‘तुम्हाला आशयघन, वेगळ्या वाटेनं जाणारा सिनेमा आवडतो का? होय / खूप / अतिशय.’ काकांनी कागद आधी डोळ्यांजवळ आणला, मग लांब धरला, मग उलटून मागची बाजू पाहिली.

“यात ‘नाही’ कुठंय?”

“पण काका, ‘नाही’ कोण म्हणेल?”

“मी.”

दुसरी बस गेली. सातव्या प्रश्नात मी विचारलं होतं, ‘कथा व पार्श्वसंगीत परिणामकारक असावं असं वाटतं का?’ ते म्हणाले, हे दोन प्रश्न आहेत, कथा हवी, संगीत नको, खूण कुठं करू? मी वैतागून म्हटलं, अर्धी करा. त्यांनी खरोखर अर्धी खूण केली. तिसरी बस गेली. शेवटी कागद मांडीवर ठेवून त्यांनी ‘इतर सूचना’मध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलं:

‘१. वयोगट एकमेकांत मिसळतात. २. नकार देण्याची सोय नाही. ३. प्रश्न ७ मध्ये दोन प्रश्न. सबब परत. त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे.’ खाली सही आणि तारीख.

सही करून झाल्यावर त्यांनी विचारलं, “गोष्ट काय आहे पण?” छत्तीस मिनिटांत हे कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं, म्हणून मी भरभरून सांगितली. बाई, दार, रंग. ऐकून म्हणाले, “दाराआड कोण आहे?”

“ते प्रेक्षकांवर सोडलंय.”

“म्हणजे तुला माहीत नाही.”

चौथी बस आली. पायरीवर एक पाय ठेवून त्यांनी कागद परत मागून घेतला, कंडक्टर ओरडत असताना चौथा मुद्दा घातला आणि गेले. ‘४. दाराआड कोण, याचा खुलासा नाही.’

आता यावर रात्री अंथरुणात पडून मी स्वतःची कशी समजूत घातली ते सांगते. प्रेक्षक-संशोधनाचं हे शास्त्रच मुळात लोकांना त्रास देऊन उभं राहिलंय. १९४१ साली अमेरिकेत पॉल लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञानं रॉबर्ट मर्टन या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाला सपत्नीक जेवायला बोलावलं, आणि मर्टन दारात पोचताच, कोट काढू नकोस म्हणून, त्याला रेडिओच्या स्टुडिओत नेलं. तिथं बसवलेल्या श्रोत्यांनी कार्यक्रम आवडला की हिरवं बटण दाबायचं, नावडला की लाल. नंतर त्यांना का दाबलंत ते विचारायचं. मर्टननं तिथं जे प्रश्न काढले त्यातून पुढं फोकस ग्रुप, म्हणजे मोजक्या लोकांना एकत्र बसवून खोदून खोदून विचारायची भानगड निघाली. बायका घरी जेवायच्या खोळंबल्या. काकांच्या तीन बसा म्हणजे त्यापुढं काहीच नाही.

आणि संख्येचा टेंभा तर कुणी मिरवूच नये. १९३६ च्या अमेरिकन निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त भरून परत आल्या, आणि त्यांनी रूझवेल्टविरुद्ध उभा असलेला लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्टनं ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. यादी टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांची, म्हणजे त्या काळच्या सुखवस्तूंची, त्यातून ज्यांना उत्साह त्यांचीच उत्तरं. थोडक्यात, माझा वर्ग. त्यांच्यापेक्षा कितीतरी थोड्या लोकांना विचारून बरोबर सांगणाऱ्या जॉर्ज गॅलपनं पुढं हॉलिवूडच्या स्टुडिओंसाठी प्रेक्षक-संशोधनही केलं. सरळ चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सत्तावीस जणांत चुकीची मर्यादा, म्हणजे खरा आकडा किती वरखाली असू शकतो ती, दोन्ही बाजूंना जवळजवळ १९ टक्के येते. माझे तर चिठ्ठीतूनही निघालेले नाहीत, आणि त्यातल्या तिघी म्हणजे एकच मुलगी. त्यामुळे मर्यादासुद्धा काढता येत नाही.

हे सगळं मी काल सरांना सांगितलं. ते म्हणाले, “छान. आणि दाराआड कोण आहे?”

राग मला त्याचाच आहे. फाईलला तीस गुण, फिल्मला वीस. जी फाईल सरांशिवाय कुणी उघडणार नाही तिच्यासाठी माझा महिना गेला, आणि दाराच्या रंगाला मात्र कुणी एक शब्द बोललं नाही. शेजारच्या मुलाच्या फाईलमध्ये रंगीत वर्तुळालेख होते, त्याच्या ९४ टक्के प्रेक्षकांना त्याची फिल्म बघायची घाई झाली होती, आणि त्याला कुणी काही विचारलं नाही. खोटं नीट मांडलं की पार पडतं. माझ्याकडे एकच खरा कागद होता, तर वर्गात तो मोठ्यानं वाचला गेला.

शुक्रवारी फेरसादर करायचंय. वयोगट सुधारले. ‘इतर’ काढून टाकलं. सातव्या प्रश्नाचे दोन केले. प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ ठेवलं, आणि कुणी पुन्हा विचारू नये म्हणून ते ठसठशीत, अगदी पहिल्याच रकान्यात.

आज सकाळी मैत्रिणीनं तीन भरून दिल्या. वरून खाली सरळ मुंग्यांची रांग. तिसरी डाव्या हातानं.