ती परत आलीच नाही

आज दुपारपासून डोकं तापलंय. लिहून टाकल्याशिवाय झोप येणार नाही. लांबलं तर सांभाळून घ्या.

लेकीकडे आलेय. दीड वर्षाच्या नातीला नुकतं कुठं झोपवलं होतं, तेवढ्यात बेल वाजली. गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र, हातात टॅब, दमलेली एक मुलगी. लहान मुलं असलेल्या घरांचा अभ्यास चाललाय, पाऊण तास लागेल म्हणाली. लेक बसली. बाळ किती झोपतं, कोण सांभाळतं, बाबा किती वेळ देतात, तुम्हाला उगाच रडू येतं का, महिनाअखेरीस पैसे पुरतात का. सख्ख्या बहिणीलाही विचारताना अडखळावं असे प्रश्न. लेक उत्तरं देत गेली.

शेवटी मीच विचारलं, "याचं पुढे काय होतं गं?"
"काकू, रिपोर्ट सरकारकडे जातो. मुलांसाठीची धोरणं ठरवायला उपयोग होतो."
"आणि आम्हाला कोण सांगतं?"
ती गोंधळली. "तसं काही फॉर्ममध्ये नाहीये."

तिथेच माझी सटकली. तिच्यावर नाही, त्या फॉर्मवर. कारण सव्वीस वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी माझ्या घरी आली होती.

मुलगा तेव्हा अडीच वर्षांचा. तिच्या हातात टॅब नव्हता, कागदांचा गठ्ठा होता. दोन तास बसली. एक प्रश्न होता, मूल हट्टाला पेटलं की तुम्ही काय करता? मी म्हटलं, समजावते. तिनं लिहून घेतलं, समजावते. त्याच दिवशी सकाळी मी त्याच्या पाठीत धपाटा घातला होता, तोही पहिला नव्हता. जाताना ती म्हणाली, "ताई, निष्कर्ष निघाले की मी स्वतः येऊन सांगेन." मी खरंच वाट बघितली. वर्षभर तरी. ती आली की खरं काय ते सांगून टाकायचं ठरवलं होतं, आणि विचारायचं होतं की माझं काय चुकतंय, बाकीच्या आया काय करतात.

ती आली नाही. माझं 'समजावते' अजूनही कुठल्या तरी तक्त्यात बसलेलं असेल. त्या तक्त्यावरून कुणी धोरण आखलं असेल, तर त्यात एक खोटं माझं आहे. माझ्यासारख्या किती जणी असतील?

संशोधनाच्या विरोधात मी नाही, हे माझी भिंत वाचणाऱ्यांना सांगायला नको. बाळाला पाठीवर झोपवा, पालथं नको, हे आज प्रत्येक दवाखान्यात सांगतात ना? त्यामागे मोठा वाटा ब्रिस्टलच्या विद्यापीठातल्या डॉक्टरांचा. बाळ झोपेतच गेलेल्या घरांत जाऊन त्यांनी आईवडिलांशी बोलून माहिती घेतली. कसं झोपवलं होतं, अंगावर किती पांघरूण होतं. काळीज फाटलेल्या त्या आयांनी उत्तरं दिली. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये मोहीम निघाली आणि काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. माझी नात आत्ता पाठीवर झोपलीये, ती त्या अनोळखी आयांमुळे. त्यांना कुणी सांगितलं असेल का, की तुमच्या उत्तरांनी केवढी बाळं वाचली? सांगितलं असावं असं मला फार वाटतं.

आणि परत जाणारे लोक असतात हो! न्यूझीलंडमधल्या डुनेडिनला १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ मुलांचा अभ्यास सुरू झाला, तो अजून चालू आहे. ती आता पन्नाशी ओलांडलेली माणसं जगात कुठेही असोत, तिकीट काढून त्यांना बोलावून घेतात. जमैकात किंग्स्टनमध्ये १९८६-८७ ला वाढ खुंटलेली १२९ बाळं निवडली. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जायच्या. टाकाऊ वस्तूंची खेळणी करायच्या, आईला बाळाशी कसं खेळायचं ते दाखवायच्या. वीस वर्षांनी संशोधकांनी त्यातली १०५ मुलं शोधून काढली. खेळायला शिकवलेल्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त निघाली. परत गेले म्हणूनच कळलं ना ते?

यातली भेट आणि खेळ सोडून बाकीचं उचलणारे धोरणवाले पाहिले की संताप होतो. अमेरिकेत मिशिगनच्या त्या प्रसिद्ध 'पेरी' बालवाडीच्या प्रयोगात साधारण सहा मुलांमागे एक शिक्षिका होती, आणि ती दर आठवड्याला घरीसुद्धा जायची. दाखला त्याचा द्यायचा आणि चाळीस पोरं एका बाईच्या गळ्यात बांधायची! वर म्हणायचं, 'संशोधनानं सिद्ध झालंय.' काय सिद्ध झालंय? ज्यात माणूस माणसाच्या घरी जात होता, ते सिद्ध झालंय. तेच तुम्ही महाग पडतं म्हणून काढून टाकलंत.

हो, विद्यापीठांकडे पैसा नसतो, प्रकल्प तीन वर्षांत गुंडाळावा लागतो, नावं गुप्त ठेवावी लागतात. मान्य. पण उत्तरं देणाऱ्या घरांना सोप्या भाषेतलं एक पान पाठवायला किती लागतं? आमच्या घरातलं सगळं विचारायला येता येतं, मग सांगायला का येता येत नाही?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. कारण आज आणखी एक झालं, ते सांगायचं राहिलंच. त्या मुलीच्या यादीत तोच प्रश्न होता. शब्द वेगळे, प्रश्न तोच. बाळानं ऐकलं नाही तर तुम्ही काय करता? लेकीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग खाली. म्हणाली, "कधीकधी हात उचलला जातो. नंतर मी रडते." मुलीनं टॅबवर काहीतरी दाबलं आणि मग क्षणभर टॅब बाजूला ठेवून लेकीच्या हातावर हात ठेवला. तेही फॉर्ममध्ये नसणार.

निघताना मी तिच्याकडून तिचा आणि तिच्या मॅडमचा नंबर मागून घेतला. जरा घाबरली, पण दिला. सहा महिन्यांनी मी फोन करणार आहे. नाही उचलला तर पुन्हा करणार आहे.