दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: दिवाळीतलं चेकआउट, कॅशचं प्लगिन आणि होस्टिंगचे पैसे

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. इतरांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो, ताईंचा फराळाचा ऑनलाइन व्यवसाय आहे, चकली, अनारसे, लाडू परदेशातही जातात, साइट वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्सवर (त्यावर ऑनलाइन दुकान चालवणारी जोडणी) आहे आणि साध्या शेअर्ड होस्टिंगवरून (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) त्या आमच्या मॅनेज्ड प्लॅनवर (साइटची तांत्रिक देखभाल होस्टिंग कंपनीच बघते) आल्या. तक्रार अशी की पैसे आधीपेक्षा कितीतरी पट जास्त, तरी ऐन दिवाळीच्या तोंडावर चेकआउट नुसतं फिरत राहिलं, साइटचा स्पीड "तेवढाच", त्यांचं कॅशचं प्लगिन (तयार पान साठवून ठेवणारं जोड-सॉफ्टवेअर, रोख पैशांशी संबंध नाही) आम्ही काढायला लावलं, ईमेल देत नाही आणि वर व्हिजिटचं लिमिट. शेवटचं वाक्य, "नुसतं नाव प्रीमियम".

स्टार वाढवा असं मी म्हणणार नाही, तो तुमचा हक्क आहे. पण तुम्ही विचारलेले प्रश्न होस्टिंग घेणाऱ्या प्रत्येकाने विचारावेत असेच आहेत, म्हणून उत्तर जरा लांबलंय.

आधी चेकआउटबद्दल, कारण तिथे तुमच्या ऑर्डरी अडकल्या आणि त्याचं मलाही मनापासून वाईट वाटलं, दिवाळीचा तो आठवडा म्हणजे तुमच्यासाठी अख्ख्या वर्षाची कमाई असते हे मला माहितीये. त्या संध्याकाळचे लॉग (सर्व्हरच्या नोंदी) तिकिटात (तुमच्या तक्रारीच्या नोंदीत) पाठवलेत, साइटचं नाव न घेता इथे सांगतो. तुमच्या प्रॉडक्ट पेजवर एक छोटा पॉपअप होता, "आत्ता इतके जण हे बघतायत" असं दाखवणारा. तो पॉपअप प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनवरून दर पाच सेकंदांनी सर्व्हरला अ‍ॅडमिन-एजॅक्समधून (वर्डप्रेसमध्ये अशा विनंत्या घेणारी फाइल) विचारत होता, किती जण आहेत, किती जण आहेत. दीडशे जण एकाच वेळी पेज उघडून बसले की सेकंदाला तीस विनंत्या नुसत्या त्या आकड्यासाठी, आणि या विनंत्या कॅशमधून देता येत नाहीत, प्रत्येकीला पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) चालवावं लागतं. तुमच्या प्लॅनला सहा पीएचपी वर्कर आहेत. वर्कर म्हणजे बिलिंगचे काउंटर समजा, एका काउंटरवर एका वेळी एकच माणूस. एका विनंतीला सेकंदाचा तिसरा हिस्सा धरला तरी तीस विनंत्यांना दहा काउंटर लागतात, आणि आहेत सहा, म्हणजे ज्या बाईंनी दोन किलो चिवडा घेऊन पैसे भरायला घेतलेत त्या पॉपअपच्या मागे रांगेत उभ्या. तुम्हाला विचारून ते प्लगिन बंद केलं आणि रांग तिथेच ओसरली, सर्व्हर तोच होता, वर्कर तेवढेच होते.

तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की एवढे पैसे घेता तर स्वतःहून का नाही बंद केलं? कारण ते तुमचं दुकान आहे ताई. अलर्ट आला की आम्ही बघतो, तुम्हाला फोन करतो, पण मालकाला न विचारता त्याच्या साइटमधलं काही काढणं आम्ही करत नाही, उद्या पेमेंटचं प्लगिन कोणी असंच परस्पर बंद केलं तर काय होईल याचा विचार करा. साइट हॅक झालेली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आधी हात घालतो आणि मग कळवतो.

आता कॅशचं प्लगिन. आमच्याकडे कॅश सर्व्हरवरच असते, पेज एकदा तयार झालं की पुढच्या माणसाला वर्डप्रेसला न उठवता थेट दिलं जातं. त्याच्यावर तुम्ही अजून एक कॅशचं प्लगिन लावलं की एक कॅश साफ होते आणि दुसरी जुनंच पान धरून बसते, मग तुम्ही भाव बदललेला असतो आणि गिऱ्हाइकाला कालचा दिसतो, आणि भाव चुकीचा दिसला की तो फोन तुम्हालाच येतो. हा आमचा हट्ट नाही, डब्ल्यूपी इंजिनसारखी या धंद्यातली मोठी कंपनीसुद्धा न चालणाऱ्या प्लगिनची यादी जाहीर ठेवते, आणि कॅशची नावाजलेली प्लगिन त्यात आहेत. मॅनेज्ड होस्टिंग घेताना ही यादी आधी मागून घ्यावी, कोणाकडूनही घेतलं तरी.

स्पीड "तेवढाच" याबद्दल. स्पीडचे दोन भाग असतात, सर्व्हरने पहिलं उत्तर किती वेळात दिलं आणि नंतर पान रंगायला किती वेळ लागला. पहिला भाग आमचा. गुगलच्या हिशोबाने पहिलं उत्तर ०.८ सेकंदाच्या आत हवं आणि पानावरची मुख्य गोष्ट, तुमच्याकडे तो वरचा मोठा फोटो, २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवी. तुमचं पहिलं उत्तर व्यवस्थित आत आहे. पण तो चकलीचा फोटो फोनमधून जसाच्या तसा चढवलाय, साडेसहा एमबीचा, आणि मोबाइल डेटावर तो यायला वेळ घेणारच. छोटा करून वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये टाकला तर एवढाच सुंदर दिसेल. आमच्या टीमने नमुना करून तिकिटात जोडलाय, तो नक्की बघा, मला खरंच वाटतं की एवढ्या एका गोष्टीने तुम्हाला फरक जाणवेल.

परदेशातल्या ऑर्डरींचं वेगळं. तुमचा सर्व्हर मुंबईत आहे आणि बहुतेक गिऱ्हाईक इथलं असल्यामुळे तेच बरोबर आहे. न्यू जर्सीतल्या माणसाला फोटो आणि पानं सीडीएनमधून (जगभरच्या सर्व्हरांवर ठेवलेल्या प्रतींतून) त्याच्या जवळून मिळतात, पण कार्ट आणि चेकआउट प्रत्येकाचं वेगळं असल्यामुळे ते मुंबईपर्यंत येऊनच होतं, आणि अमेरिकेतून एक फेरी म्हणजे साधारण २०० मिलिसेकंद. एवढा फरक राहणार, कितीही पैसे मोजले तरी राहणार, आणि कोणी नाही राहणार म्हणून सांगितलं तर त्यांना चेकआउटवर करून दाखवा म्हणा.

ईमेल आम्ही मुद्दाम देत नाही. किन्स्टा ही दुसरी मॅनेज्ड होस्टिंग कंपनीही देत नाही. साइट आणि मेल एकाच सर्व्हरवर असले की साइट पडली तर मेलही पडतो, म्हणजे गिऱ्हाइकाला "साइट बंद आहे, थांबा" एवढं कळवायचीसुद्धा सोय राहत नाही. आणि स्वस्त शेअर्ड सर्व्हरवर शेजारच्या कोणाची साइट हॅक होऊन स्पॅम सुटला की त्याच आयपीवरून (सर्व्हरच्या पत्त्यावरून) जाणारे तुमचे मेलही स्पॅममध्ये जायला लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने एसपीएफ, डीकिमचे (मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या नोंदींचे) नियम कडक केलेत. म्हणून मेल वेगळीकडे ठेवा असं सांगतो आणि डीएनएसच्या (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या) नोंदी आम्हीच करून देतो, तुमच्याही केल्यात.

व्हिजिटचं लिमिट आहे, हो. आधीच्या ठिकाणी "अनलिमिटेड" लिहिलेलं असतं आणि खालच्या बारीक अक्षरात सीपीयू, मेमरी आणि फाइलच्या संख्येचं लिमिट असतंच, गर्दी झाली की "५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड" असं पान येतं आणि दुकान बंद. आमच्याकडे आकडा समोर लिहिलाय, ओळखू येणारे बॉट (आपोआप साइटवर फिरणारे प्रोग्राम) त्यात धरत नाही, आणि ओलांडला तरी साइट बंद करत नाही, त्या महिन्याचे वाढीव पैसे लागतात. सणाच्या महिन्यात ते डोळ्यावर येतात हे समजतं, म्हणून एक महिन्यापुरता वरचा प्लॅन घेऊन परत खाली येता येतं.

मग पैसे नक्की कशाचे? जागेचे तर नाहीतच, जागा आज स्वस्त आहे. तुमची साइट आली तेव्हा पीएचपी ७.४ वर होती. त्या आवृत्तीचे सिक्युरिटी अपडेट २८ नोव्हेंबर २०२२ ला बंद झालेत, तरी नवी लावायला सगळे घाबरतात कारण जुनी थीम (साइटच्या रूपाचा साचा) मोडते. आमच्या मुलांनी स्टेजिंगवर (चाचणीच्या वेगळ्या जागी) तुमच्या साइटची प्रत करून, थीममधल्या मोडणाऱ्या ओळी शोधून, तुम्हाला टेस्ट ऑर्डर टाकायला लावून मग खऱ्या साइटवर बदल केला. तुम्हाला त्यातलं काही जाणवलं नाही, ते जाणवू नये हेच तर काम. आणि श्रावणात भाव चुकून सगळे सारखे झाले होते तेव्हा रात्रीचा बॅकअप होता, पण तो अख्खा परत टाकला असता तर सकाळपासून आलेल्या ऑर्डरी पुसल्या गेल्या असत्या, म्हणून बॅकअप बाजूला उघडून फक्त भाव उचलून आणले आणि ऑर्डरींना धक्का लागू दिला नाही. असं काम बटण दाबून होत नाही, तिथे जाणता माणूस बसलेला लागतो आणि त्या माणसाचा पगार तुमच्या बिलात आहे.

बॅकअपचं निघालंच तर वाचणाऱ्या सगळ्यांना कळकळीने सांगतो, बॅकअप कुठे ठेवलाय ते विचारा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यातल्या कित्येकांचं दोन्ही गेलं. आमचे बॅकअप दुसऱ्या शहरात जातात, आणि विकत घेण्याआधीच कोणीही रिस्टोअर करून दाखवा म्हणू शकतं. ट्रायलमध्ये लोक होमपेजचा स्पीड मोजतात, तो कॅशमुळे सगळीकडे चांगलाच येतो. त्यापेक्षा कार्टमध्ये माल टाकून चेकआउटपर्यंत जाऊन बघा, रविवारी रात्री तिकीट टाकून बघा, पीएचपी वर्कर किती ते विचारा, आणि दुसऱ्या वर्षीचा भाव जीएसटी धरून लेखी घ्या.

आणि हेही सांगतो, सगळ्यांना हे लागत नाही. पाच पानांची साइट असेल, कविता-लेखांचा ब्लॉग असेल, दिवसाला थोडे लोक येत असतील तर साधं होस्टिंग आणि पुढे क्लाउडफ्लेअर या सीडीएन कंपनीचा फुकटचा प्लॅन भरपूर झाला, अशा लोकांना आम्ही फोनवरच तसं सांगतो. पण जिथे साइट एक तास बंद म्हणजे त्या तासाचा गल्ला बुडाला, तिथे हिशोब वेगळा आहे, आणि तुमचं दुकान त्यातलं आहे असं मला मनापासून वाटतं.

राहायचं ठरवलंत तर नवरात्राच्या आधी स्टेजिंगवर दिवाळीएवढी गर्दी सोडून चेकआउट तपासून देऊ, त्याचे वेगळे पैसे नाहीत. जायचं ठरवलंत तरी अडवणूक नाही, डोमेन तुमच्याच नावावर आहे, फाइल्स आणि डेटाबेसचा एक्सपोर्ट डॅशबोर्डमध्येच मिळेल. फक्त डीएनएस बदलायच्या एक दिवस आधी टीटीएल (जुना पत्ता किती सेकंद धरून ठेवायचा तो आकडा) ३०० वर आणा, शेवटचा डेटाबेस उतरवायच्या आधी इथल्या दुकानावर मेंटेनन्सची पाटी लावा आणि डीएनएस बदलला तरी ती काढू नका, नाहीतर निम्म्या ऑर्डरी इकडे आणि निम्म्या तिकडे पडतील. तारीख ठरली की तिकिटात कळवा, त्या दिवशी आमचा माणूस फोनवर असेल.