पुढचा ब्रेक म्हणजे मरण? काका, जरा थांबा

गेले आठ दिवस आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर, मग वाड्यावरच्या ग्रुपवर, मग मामेभावाच्या कॉलेजच्या ग्रुपवर तोच एक व्हॉइस मेसेज फिरतोय. कोणीतरी काका आहेत, सुरुवातच "पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, सांगतो ते ऐका" अशी. सांगतात काय, तर स्पोर्ट बाइकचा पुढचा ब्रेक म्हणजे मरण, फक्त पायाचा वापरा. वळताना हँडलला जोर लावू नका, नुसतं अंग टाका. समोर काही आलंच तर गाडी सरळ आडवी टाकून द्या. एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी सिस्टीम, असेल तर टेन्शनच नाही. आणि पावसात टायरची हवा कमी करा. काकांचं मन चांगलं असणार, पण पाचातलं एकही धड नाही, आणि मामेभावाने नुकतीच यामाहाची आर वन फाइव्ह ही स्पोर्ट बाइक घेतलीय म्हणून मला गप्प बसवत नाही.

आधी पुढच्या ब्रेकचं. ब्रेक लागला की सगळा भार पुढे येतो, पुढचे शॉकअप खाली बसतात, पुढचा टायर रस्त्याला दाबला जातो आणि मागचा हलका होतो. आता ज्या चाकावर भारच उरला नाही त्याच्या जिवावर गाडी थांबणार कशी? सुक्या डांबरावर थांबवण्याचं 70 टक्के किंवा त्याहून जास्त काम पुढचं चाक करतं. मोटोजीपीच्या बाइक रेस बघता ना, वळणाआधी ब्रेक मारताना मागचं चाक कितीदा हवेत असतं, तरी गाडी थांबतेच. आर वन फाइव्हला पुढे 282 मिमीची डिस्क आणि मागे 220ची, कंपनीने काय शोभेला लावलीय पुढची?

काकांची भीती कुठून आली ते कळतं मला. पुढचा ब्रेक मारून पडलेली माणसं असतात. पण तो माणूस घाबरून चारही बोटं एकदम आवळतो, भार पुढे यायच्या आधीच चाक लॉक, म्हणजे फिरायचंच थांबतं, आणि गाडी स्लिप. नाहीतर हळू स्पीडला हँडल वळलेलं असताना दाबतो. आणि आपल्या गोव्यातले रस्ते, डिचोली-साखळी पट्ट्यात खनिजाच्या ट्रकांची लाल माती, मोरजीकडे वाळू, फेरीबोटीच्या रॅम्पवर पावसात शेवाळ. तिथे जपूनच, मान्य. पण तिथे जपून म्हणून सगळीकडे बंद, हे कुठलं गणित?

मीपण कधीकाळी पायाच्या ब्रेकवालाच होतो. चोर्ला घाटातून केरीला उतरताना एका वळणाच्या तोंडाशी गाय बसलेली, मी पाय रोवला, मागचं चाक लॉक, गाडीची शेपटी निघाली उजवीकडे. उतारावर भार आधीच पुढे असतो, मागचं चाक नावापुरतं. गाय जागची हलली नाही, मी गटारात.

म्हणून भावाला रविवारी सकाळी बेतोड्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नेला, तेव्हा रस्ता रिकामा असतो. कडेला एक नारळाचं सोडण ठेवलं, 40च्या स्पीडने यायचं आणि सोडणापाशी ब्रेक मारायचा. फक्त पायाचा मारून थांबला तेव्हा मी मोजली 24 पावलं. मग दोन बोटं लिव्हरवर, लिंबू पिळतो तसं, आधी लिव्हरची ढिलाई काढायची, शॉकअप बसले की जोर वाढवत न्यायचा, पाय सोबतीला हलका, आणि गुडघ्यांनी टाकी आवळायची म्हणजे अंगाचा भार मनगटावर येत नाही. पहिल्या पाच-सहा वेळा दचकतच होता, तासाभराने 13 पावलं. मधल्या 11 पावलांत मिनीबस उभी राहील. अमेरिकेत 1981 साली हॅरी हर्ट यांच्या टीमने साधारण 900 अपघात जागेवर जाऊन तपासले, त्यातही हेच दिसलं, माणसं मागचा जास्त दाबून चाक घसरवतात आणि पुढचा पुरेसा वापरतच नाहीत. आणि त्यातले 92 टक्के स्वतःच नाहीतर घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले, म्हणजे असेच कुठल्यातरी काकांकडून.

वळण्याचं म्हणाल तर 140 किलोची गाडी नुसतं अंग टाकून झटकन वळत नाही, 50-60ला करून बघा. उजवीकडे जायचं तर उजवी मूठ हलकी पुढे ढकलायची, हँडल क्षणभर डावीकडे जातं आणि गाडी उजवीकडे झुकते. ऐकायला उलटं वाटतं, पण सायकलवरही आपण हेच करतो, कळत नाही एवढंच.

गाडी आडवी टाकायची आयडिया तर कमालच आहे. रबर डांबराला धरतं, फायबर आणि लोखंड घसरतं. 60ला एका सेकंदात साधारण 17 मीटर जातात, ते आडवं पडण्यात घालवायचे आणि मग ना ब्रेक ना हँडल, सरळ ट्रकच्या चाकाखाली.

एबीएस 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल 2019पासून सक्तीचं आहे, पण ते फक्त चाक लॉक होऊ देत नाही, मातीवर पकड कुठून आणणार? त्यात बऱ्याच गाड्यांत ते पुढच्याच चाकाला असतं. म्हणजे काकांचं ऐकून नुसता मागचा दाबलात की एबीएसचे पैसे पाण्यात.

राहिली हवा. हवा कमी केली की टायरच्या खाचा दबतात, पाणी बाहेर जायला वाट राहत नाही, भरपावसात पकड उलट कमी होते. पंपावरच्या पोराला "बघून भर रे" म्हणायचं नाही, आकडा सांगायचा, तो चेनच्या कव्हरवर किंवा तिथेच आसपास स्टिकरवर असतो. भावाच्या गाडीवरचा चिखलाने झाकला गेला होता, नखाने खरवडून वाचला.