दगड मोजले म्हणजे कबरी मोजल्या असं नाही

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या जुन्या कौटुंबिक दफनभूमीबद्दलच्या लेखावर तुमचा आक्षेप असा: ‘दगड मोजले की कबरी कळतात. शंका आलीच तर तारेच्या दोन काड्या धरून चाललं की झालं, कबरीवर त्या आपोआप फिरतात. कबर शोधायला जमिनीत सळई खुपसण्याचा खटाटोप कशाला?’

आधी मोजणीचं. कोरीव शिळा परवडत नसे तिथे शेतातलाच अनघड दगड उभा करत. पुष्कळदा दोन, उशाशी मोठा आणि पायाशी लहान. म्हणजे तुमचा आकडा दुप्पट होऊ शकतो. उलट, गवत कापताना आड येतात म्हणून पायाचे दगड उपटून कुंपणाशी टाकलेले असले, तर पुरावाच गेलेला असतो. (म्हणून आडवा पडलेला दगडसुद्धा नकाशावर घेतल्याशिवाय हलवू नका.) डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला ही तिथली रूढी. त्यामुळे पूर्व-पश्चिम रेषेत पाच-सहा फुटांवरचे दोन दगड बहुधा एकाच प्रौढाचे, दोन-तीन फुटांवरचे तान्ह्या बाळाचे. तेच दगड दक्षिणोत्तर शेजारी असतील तर त्या दोन वेगळ्या कबरी.

दगडच नसेल तिथे खळगा बघा. पेटीचं झाकण कुजलं की माती खचते. हिवाळ्यात पानगळ झाल्यावर, सकाळच्या तिरप्या उन्हात दोन-अडीच फूट रुंद लांबट खळगे स्पष्ट दिसतात. झाड उन्मळून झालेला खड्डा गोलसर असतो, शेजारी मातीचा उंचवटाही असतो. जमिनीवर व्हिंका पसरली असेल तर तेवढा भाग जास्त बारकाईने पाहा. आपल्या सदाफुलीच्या कुळातली ही वेल कबरींवर मुद्दाम लावत.

सळई सगळ्यात शेवटी, तीही जमीनमालकाची परवानगी आणि राज्याचा कायदा पाहून. दक्षिणोत्तर दोरी ताणायची, दर फुटाला सारख्याच जोराने दाबायचं, दोन फुटांखाली जायचं नाही. पेटीपर्यंत पोचणं हा हेतूच नाही. एकदा उकरलेली माती पुन्हा तितकी घट्ट बसत नाही, त्यामुळे कबरीच्या कडेला सळई एकदम सैल जाते आणि दोन-अडीच फुटांनी पुन्हा अडते. मोठ्या पावसानंतर सगळंच मऊ लागतं, तेव्हा हे करू नका. एखाद्या ठिकाणीच सैल लागलं तर ते घुशीसारख्या प्राण्याचं बीळ किंवा कुजलेलं मूळही असेल. शेजारच्या समांतर दोरीवरही तसंच लागलं तरच धरा.

काड्या फिरतात, नाही कोण म्हणतं? पाणाड्याच्या तळहातावरचा नारळही उभा राहतो. दोन्हीकडे मनगट नकळत हलतं. खात्री करायची तर डोळे बांधून त्याच दोरीवरून दोनदा चाला, दोन्ही वेळच्या खुणा कागदावर घ्या आणि ताडून बघा. तोवर नकाशावर त्या जागा ‘कबर’ म्हणून लिहू नका.