गोल्फ क्लब मैदानावर गोल्फ मावतच नव्हतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे. म्हणून दोन ओळींत न आटपता सविस्तर लिहितो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: आजच्या मैदानात गोल्फ मावणंच शक्य नाही, तेव्हा नाव नुसतं हौसेनं पडलं असणार, नाशिकच्या उन्हाळ्यात हिरवळ राखायला पाणी आणणार कुठून, आणि ज्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं नाव दिलंय, त्याचा इतिहास साहेबांच्या करमणुकीपासून सुरू करायचा कशाला?

आधी पाण्याचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. तुमच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचं गोल्फ आहे. जिल्ह्याच्या गावातलं जुनं गोल्फ तसं नव्हतंच. तिथे होलभोवती, म्हणजे चेंडू ज्यात टाकायचा त्या खळग्याभोवती, हिरवळीऐवजी वाळूचा गोल असायचा. खेळणारे त्याला 'ब्राऊन' म्हणतात. ही काही फक्त गरिबाघरची सोय नव्हे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्टच्या 'नंबर 2' नावाच्या नामांकित कोर्सवरही 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाळूच होती. 1936 ची पीजीए (व्यावसायिक गोल्फपटूंची) स्पर्धा जवळ आली तेव्हा कुठे तिथे गवत आलं.

ब्राऊन करायची रीत सोपी, पण तिच्यात खोड्या बऱ्याच. सात मीटर त्रिज्येचा गोल आखायचा, वरची माती काढायची, मुरूम पसरून पाणी मारायचं आणि रूळ फिरवून घट्ट धुम्मस करायची. पाणी निघून जावं म्हणून मध्य किंचित उंच ठेवायचा. त्यावर चाळलेल्या बारीक वाळूचा दोन सेंटिमीटरांचा थर. हिशेब करा: गोलाचं क्षेत्रफळ साधारण 154 चौरस मीटर, म्हणजे वाळू तीन घनमीटरांच्या थोडी वर, आपल्या भाषेत एक ब्रासपेक्षा जराशी जास्त. नऊ होलांना मिळून अकरा ब्रासच्या आत काम भागतं. आता तेवढ्याच नऊ होलांवर प्रत्येकी पाचशे चौरस मीटर हिरवळ धरा आणि उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी द्या. साडेबावीस हजार लिटर झालं, म्हणजे दहा हजारी टँकरच्या सव्वादोन खेपा, आणि त्याही रोज. फेअरवेचं, म्हणजे होलकडे जाणाऱ्या गवताच्या पट्ट्याचं, पाणी यात धरलेलंच नाही. तुमची शंका हिरवळीला लागू आहे, ब्राऊनला नाही.

वाळू वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यात तेल कालवत, बहुतेक वेळा इंजिनातून काढलेलं. इथेच नवखा माळी फसतो. तेल एकदम ओतायचं नसतं. थोडं थोडं घालत फावड्यानं वरखाली करायचं आणि मूठ वळून बघायची. मूठ उघडल्यावर ढेकूळ क्षणभर टिकून फुटलं आणि तळहाताला नुसती चकाकी राहिली, तर बरोबर. तळवा तेलकट झाला तर जास्त झालं. असल्या ब्राऊनवर चेंडूला वाळू चिकटते आणि तो दोन हातांवर जाऊन थांबतो. तेल कमी पडलं तर बुटांचे ठसे उमटून राहतात आणि चेंडू ठशातून ठशात उड्या मारत जातो. तेल नसेल तिथे सकाळी पाण्याचा हबका मारून रूळ फिरवत. ते ऊन चढेपर्यंत टिकायचं. (आज कुणी हे करायला जाऊ नये. जळकं तेल जमिनीत मुरतं आणि तिथे वर्षानुवर्षं काही उगवत नाही.)

होलचीही वेगळीच कटकट. व्यास सव्वाचार इंच, म्हणजे 108 मिलिमीटर, आणि खोली किमान चार इंच. हा व्यास 1891 पासून ठरलेला आहे. नियमानं आतला डबा पृष्ठभागापासून किमान एक इंच खाली बसला पाहिजे, मात्र जमीनच तशी असेल तर सूट आहे. ब्राऊनवर ही सूट घ्यावीच लागते. डबा इंचभर खाली बसवला की वरची वाळू ढासळून होलचं तोंड बशीसारखं पसरतं आणि तिरका आलेला चेंडूही आत घरंगळतो. म्हणून डब्याची कड मुरमाच्या थराशी बरोबर समतल बसवतात. वर उरते ती फक्त दोन सेंटिमीटर वाळू, आणि ती प्रत्येक गट पुढे गेला की सारखी करावी लागते. खेळणाऱ्यानं पट (चेंडू होलकडे घरंगळवणारा हलका फटका) मारण्याआधी चेंडूपासून होलपर्यंतची पट्टी लाकडी फळीनं ओढून घ्यायची, आणि सगळ्यांचं झालं की माळ्यानं होलपासून सुरू करून बाहेर बाहेर गोल दाताळं फिरवायचं. उलट, बाहेरून आत ओढलं तर आठवड्याभरात होलभोवती वाळूचा वरंबा तयार होतो.

आता जागा. आजचं कुंपण म्हणजे क्लबाची हद्द असं तुम्ही धरून चालला आहात. रणजी सामने होतात त्या मैदानाची सीमारेषा सत्तर यार्डांची धरली तर आतलं क्षेत्र सव्वातीन एकरांच्या आसपास येतं. त्यात गोल्फ मावत नाही, हे मलाही मान्य. पण त्यावरून क्लब नव्हता असं निघत नाही. खेळाची जागा आजच्या कुंपणापेक्षा बरीच मोठी होती एवढंच निघतं. किती मोठी हवी? जुन्या गटापर्चाच्या (झाडाच्या घट्ट केलेल्या चिकाच्या) चेंडूच्या काळात दीडशे ते साडेतीनशे यार्डांचे होल चालत; इथे होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून खळग्यापर्यंतचा सगळा टप्पा. नऊ होलांची बेरीज दोन हजार यार्ड आणि प्रत्येकाला चाळीस यार्ड रुंदी धरली, तर ऐंशी हजार चौरस यार्ड, म्हणजे साडेसोळा एकर. एकमेकांना छेदणारे होल ठेवले तर आणखी कमी. आजच्या अठरा होलांच्या कोर्सला लागणाऱ्या सव्वाशे-दीडशे एकरांशी याची तुलना करण्यात अर्थ नाही. होलांची संख्याही तेव्हा ठाम नव्हती. 1860 ची पहिली ओपन स्पर्धा स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकच्या बारा होलांवर तीन फेऱ्या मारून झाली.

आणि ही साडेसोळा एकर जागा मोकळी, कुंपण घातलेली असायची असंही नाही. स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूजच्या जुन्या कोर्सवर आजही पहिल्या आणि अठराव्या होलमधून सार्वजनिक रस्ता जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीस-पंचवीस हजार वस्तीचं नाशिक, गावाबाहेरचा सरकारी माळ, त्यावर चरणारी गुरं आणि मधून पायवाट: एवढ्यावर खेळ होत असावा. चेंडूवर लक्ष ठेवायला 'आगेवाला' पोरगा पुढे धावत जायचा. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात चेंडू गेला तर तो उचलून शेजारी टाकायची सवलत असल्या माळावर द्यावीच लागते, नाहीतर फेरी संपतच नाही. पावसाळ्यात चार महिने सगळं बंद. ब्राऊनवरची वाळू वाहून जायची, ती दसऱ्याच्या आसपास पुन्हा भरायची.

यावरून तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं: असा क्लब गेला कसा, आणि मागे काहीच कसं उरलं नाही? अकरा ब्रास वाळू, नऊ डबे, नऊ झेंडे, दोन-तीन माळी. मालकीची जमीन नाही, जमिनीत गाडलेले नळ नाहीत. सभासद म्हणजे बहुधा कलेक्टर, जज्ज, पोलीस सुपरिंटेंडंट, जंगल आणि बांधकाम खात्याचे अधिकारी; सगळे बदलीचे. दोघा-तिघांची बदली एकाच वर्षी झाली की वर्गणी निम्म्यावर येणार. 1947 नंतर तर तो वर्गच उठून गेला. गावातल्या लोकांना असल्या क्लबांत शिरकावच नव्हता, त्यामुळे ते चालवायला पुढची पिढी तयार झाली नाही. मुंबईत 1918 साली विलिंग्डन क्लब निघाला तो हिंदी सभासदांनाही दार उघडं ठेवून, आणि तो आजही उभा आहे. माझ्या मते फरक पैशापेक्षा या दाराचा आहे.

चेंडूनंही हातभार लावला. 1898 साली रबराच्या गाभ्याचा हॅस्केल चेंडू आला, तो गटापर्चापेक्षा लांब जायचा. दोनशे यार्डांचा होल अचानक पोरखेळ वाटायला लागला. मोठ्या क्लबांनी शेजारची जमीन घेऊन होल लांबवले. वाढत्या गावाच्या कडेला सापडलेल्या क्लबाला ते जमणारं नव्हतं. त्याच्या माळावर आधीच घरं आणि रस्ते यायला लागलेले असायचे.

राहिला शेवटचा आक्षेप. कान्हेरे यांनी 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या आणि 19 एप्रिल 1910 रोजी ते ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. मैदानाला त्यांचं नाव असणं योग्यच आहे, त्यावर वाद नाही. पण ते नाव नंतरचं आहे. त्याआधीचा कागद शोधायचा तर तो जुन्या नावानंच सापडणार. शिवाय कोणत्या अंमलदारांचा वर्ग गावात कसा राहत होता, गावाचा माळ कुणाच्या सोयीसाठी अडवला जात होता, हे कळल्याशिवाय 1909 चं नाशिकही अर्धंच कळतं. साहेबांचे लाड म्हणून तो कागद टाकून दिलात तर तक्रार करायला पुरावाही राहत नाही.

तुम्ही नाशिकलाच राहता असं लिहिलंय, तर पडताळणी तुमच्या हातात आहे. नगर भूमापन कार्यालयात मैदानाच्या आणि लगतच्या सर्व्हे नंबरांच्या मिळकत पत्रिका मागा, एकट्या मैदानाची घेऊन थांबू नका. 'धारक' आणि 'सत्ता प्रकार' हे रकाने आधी वाचा. भाडेपट्टा असेल तर तिथे कळेल. मग भूमी अभिलेखकडून जुन्या मोजणीचा नकाशा घ्या आणि पायवाटा कुठून जात होत्या ते बघा. पत्रिकेवरचा फेरफाराचा क्रमांक आणि तारीख न विसरता उतरवून घ्या. त्याशिवाय रेकॉर्ड रूममध्ये मूळ आदेश कुणी काढून देत नाही.